मी मुद्दाम विझतो

मी एक गॅसचा हीटर बोलतोय. भिंतीला टांगलेला, पांढऱ्या रंगाचा, धुराडं नसलेला. माणसांशी बोलायची मला हौस नाही. ऐकून घेणारी जात नाही तुमची. थंडी वाजली की मी आठवतो, ऊब मिळाली की तुम्ही माझ्याकडे पाठ करता. तीही अक्षरशः, कारण पाठ शेकायला बरी वाटते.

माझा जन्म टेनेसीतल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याची पेटी, पुढे जाळी, जाळीमागे बर्नर. माझ्यासारखे ढिगाने निघत होते, त्यामुळे माझ्या जन्माचं कोणी कौतुक केलं नाही. पण माझ्या पोटात, अगदी तळाशी, करंगळीच्या नखाएवढी एक ज्योत ठेवलेली होती. ती कायम जळते आणि खोलीतली हवा चाखत बसते. मला धुराडं नाही, म्हणजे मी जळतो खोलीतल्याच हवेवर आणि जे काही सोडतो तेही खोलीतच. तुम्ही जी हवा श्वासात घेता तीच माझी. त्या हवेतला प्राणवायू कमी झाला की ती ज्योत जागेवरून उचलली जाते, लटपटते, आणि गॅस आपोआप बंद होतो. मी विझतो. मुद्दाम विझतो. तशा हवेत जळत राहिलो तर जो विषारी वायू तयार होतो त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतंय, डोकं दुखतंय म्हणत माणूस आडवा होतो आणि उठत नाही.

एवढी अक्कल कारखान्याने पत्र्याच्या पेटीत घातली. माणसात ती कोण घालणार?

मला विकत घेतलं लिअँडर समरॉलने. मिसिसिपीच्या डेल्टातलं लहानसं गाव, आणि हा तिथे कॅटफिश मासे साफ करायच्या कारखान्यात मुकादम. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा मानकरी, म्हणून सगळं गाव त्याला डीकन म्हणे. त्याला ते फार आवडे. दुकानात शिरला तेव्हाही तो खरेदीला आल्यासारखा नाही, तपासणीला आल्यासारखा आला.

“डीकन, ह्याला धुराडं लागत नाही,” दुकानदार म्हणाला. “भिंतीला भोक नको, छपरावर नळकांडं नको. व्हेंट-फ्री!”

“म्हणजे बाहेरच्या हवेशी संबंधच नाही ह्याचा?”

“धुराडं नाही, डीकन.”

“तेच ते!”

ते ‘तेच ते’ नव्हतं. धुराडं नको म्हणजे हवा नको असा अर्थ ज्याने लावला त्याच्या हातात मला दिलं गेलं. खिडकी बोटभर उघडी ठेवा, असं काहीतरी दुकानदार पुढे सांगू लागला होता. पण लिअँडरने हात वर केला. प्रार्थनेच्या वेळी कुजबुजणाऱ्यांना गप्प करायचा तो हात होता. दुकानदारही गप्प झाला. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश, आणि मी खोक्यात.

घर लाकडी होतं, विटांच्या खांबांवर उभं. घर कसलं, चाळण होती. फळ्यांच्या फटीतून वारा, दाराखालून वारा, जमिनीखालून वारा. लिअँडर त्या वाऱ्याला शिव्या द्यायचा आणि त्याच वाऱ्यामुळे माझं छान चाललं होतं. शिवाय त्याची बायको ओझेला पुढच्या खोलीतली खिडकी जरा वर सरकवून ठेवी. तिची आई तसं करायची म्हणून हीही करायची. का, ते तिला ठाऊक नव्हतं.

ओझेलाबद्दल मला अगदीच वाईट बोलवत नाही, पण थोडं बोलतो. ती शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर राबली होती, आणि तिची एक ठाम समजूत होती की गॅसची ऊब कोरडी असते. म्हणून माझ्या डोक्यावर कायम पाण्याचं पातेलं. त्यात संत्र्याच्या साली आणि दालचिनी. अहो बाई, गॅस जळला की त्यातून पाणीच तयार होतं, वाफ होऊन! मी आधीच सगळ्या खोलीला घाम फोडतोय, वर तुम्ही मला चहाची शेगडी करून ठेवता. काचांवरून पाणी ओघळे, पियानोच्या मागे भिंतीला काळी बुरशी धरे, आणि लिअँडर छप्पर गळतंय म्हणून शिडी लावून वर चढे. खाली उतरे तो गुडघा चोळत. मला हसता येत नाही, नाहीतर तेव्हा हसलो असतो.

त्याचे मोजे माझ्या जाळीवर वाळत पडायचे, ते मी सांगत नाही. लाजेची गोष्ट आहे.

मग लिअँडर निवृत्त झाला. हाताखाली माणसं उरली नाहीत, तेव्हा त्याने घराला शिस्त लावायची ठरवली. फटीफटीत फेस भरला, तो फुगून घट्ट झाला. दारांना रबराच्या पट्ट्या. खिडक्यांच्या चौकटी पुट्टी भरून लिंपल्या, वरून पारदर्शक प्लास्टिक ताणलं आणि ओझेलाचं केस वाळवायचं यंत्र फिरवून ते ढोलासारखं घट्ट केलं. जमिनीखालूनही कसलेसे तक्ते ठोकले. नवऱ्याने घरासाठी एवढे कष्ट केले म्हणून ओझेलाने त्याला पीचचा केक करून दिला, आणि तो खाताना तो म्हणाला, “आता मुंगीलासुद्धा आत यायचं तर दार वाजवावं लागेल.”

मुंगीचं जाऊ दे. हवेचं काय?

पहिल्याच थंडीत मी विझलो. लिअँडरने पेटवलं. मी पुन्हा विझलो. त्याने मला थापटलं, मग ठोकलं, मग माझ्या आईचा उद्धार केला. मला आई नाही, पण उद्देश कळला.

“खिडकी उघडली की तो चालतो, अहो डीकन,” ओझेला म्हणाली. लिअँडर चर्चला गेला की ती प्लास्टिकचा एक कोपरा सोडवून फट करत असे, आणि तेवढा वेळ मी न कुरकुरता जळत असे. “बंद केली की विझतो. त्याला काहीतरी म्हणायचंय.”

“हीटर आहे तो. प्रवचन द्यायला ठेवलेला नाही.”

“तुम्ही देता तेवढं पुरे आहेच.”

“ओझेला, व्हेंट-फ्री म्हणजे व्हेंट-फ्री! मी काय बाहेरच्या झाडांना ऊब द्यायला बसलोय?” आणि त्याने तो प्लास्टिकचा कोपरा दुहेरी चिकटपट्टीने बसवला, खिडकीच्या चौकटीत दोन खिळेही मारले. ह्या माणसाला लोक घरातली भांडणं सोडवायला बोलावत.

मेम्फिसला राहणारी त्यांची लेक व्होनेटा ख्रिसमसला आली तेव्हा विषारी वायूची सूचना देणारी एक भोंग्याची डबी घेऊन आली. “बाबा, ही काढायची नाही,” तिने बजावलं. तिने स्वतः ती भिंतीला लावली. लेकीसमोर लिअँडर वाकून हो हो म्हणाला. लेकीसमोर सगळेच बाप शहाणे असतात.

जानेवारीत बर्फाचं वादळ आलं. आमच्याकडे भुरभुर बर्फ पडत नाही. पाऊस पडतो आणि पडल्या जागी गोठतो. झाडं काचेची झाली, फांद्या कडाकडा मोडून तारांवर पडल्या, वीज गेली. रस्ते बंद, चर्च बंद. गॅस तेवढा चालू होता, म्हणजे सगळा भार माझ्यावर. लिअँडरने विजेरी शोधली, ती मेलेली. इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीवरची भोंग्याची डबी उघडून तिच्यातले सेल काढून विजेरीत घातले. भर सकाळी, उजेड असताना, फक्त माळ्यावरची ब्लँकेटं शोधायला. मी ते बघत होतो. मला खरंच कळेना, ह्या प्राण्याने चाक शोधलं कसं.

बाकीच्या खोल्यांची दारं लावून दोघं पुढच्या खोलीत बसले. दाराखाली टॉवेल खुपसला. आणि मी विझलो. पेटवलं, विझलो. पेटवलं, विझलो. ह्यापेक्षा स्पष्ट कसं बोलायचं?

“बस झालं!” लिअँडर ओरडला आणि शेजारच्या होझिया टब्जला हाक मारली. होझिया निसरड्या वाटेवरून नळ सोडवायचे पाने घेऊन आला.

“नवा माल असाच, डीकन,” होझिया म्हणाला. “नाजूक. आपल्या वेळचे हीटर मरेपर्यंत जळायचे.”

कोण मरेपर्यंत, ते कोणी विचारलं नाही.

दोघांनी मला भिंतीवरून काढून पियानोशेजारी जमिनीवर उभं केलं, आणि मागच्या शेडमधून लिअँडरच्या बापाचा हीटर आणून माझ्या जागी जोडला. उघड्या तोंडाचा, आत मातीच्या नक्षीदार विटा, काही फुटलेल्या. पोटात पहारा देणारी ज्योत वगैरे काही नाही. काडी लावली की जळायचं, एवढंच त्याला येत होतं. त्याच्या ज्वाळा निळ्या नव्हत्या, पिवळ्या होत्या, आणि टोकं काळी.

“खिडकी खिळ्यांनी बंद आहे,” मी त्याला म्हणालो.

“मला काय त्याचं,” तो म्हणाला.

वय झालं म्हणून मान द्यावा असं काही त्याच्यात नव्हतं.

“हे बघ!” लिअँडर हात चोळत म्हणाला. “ह्याला म्हणतात ऊब!” होझियाने मान डोलावली, ओझेलाने दिलेला मक्याचा पाव कागदात गुंडाळून घेतला आणि घरी गेला.

दुपारी ओझेलाने चवळी गरम केली. तिने दोन घास खाल्ले आणि ताटली बाजूला ठेवली.

“डोकं ठणकतंय माझं.”

“काल टोपी न घालता अंगणात गेलीस.”

“तुमचं?”

“माझंही. सर्दी लागली दोघांना.” आणि तो आरामखुर्चीत मागे रेलला. थोड्या वेळाने त्याचं तोंड उघडं पडलं. गाल छान लाल दिसत होते. त्या लालीचा अर्थ मला ठाऊक होता आणि मी पियानोशेजारी नळी तुटलेला, मुका, थंड पत्रा होऊन उभा होतो. जन्मात पहिल्यांदा मला माणसांचा राग आला नाही. भीती वाटली.

ओझेला उठली आणि तिचे पाय मुडपले. ती पुन्हा उठली, खुर्ची धरून. भिंतीवरच्या डबीकडे तिने बघितलं, उघड्या झाकणाकडे बघितलं. मग पिवळ्या ज्वाळांकडे. मग माझ्याकडे.

“डीकन,” ती म्हणाली. “लिअँडर. उठा.”

तो उठला नाही. तिने त्याला हलवलं तेव्हा त्याची मान एका बाजूला कलली.

ती खिडकीशी गेली. नखांनी प्लास्टिक ओरबाडलं, ते सुटेना. चौकट वर ढकलली, ती कशी हलणार? मग तिने टेबलावरचा लोखंडी तवा उचलला, ज्यात सकाळी मक्याचा पाव भाजला होता. दोन्ही हातांनी धरला आणि ज्या बाईने नवऱ्याच्या शब्दाबाहेर एक इंचाचीच काय ती फट केली होती, तिने तो प्लास्टिकसकट काचेवर घातला. एकदा काच तडकली. दुसऱ्यांदा तवा हातातून सुटून अंगणात गेला.

गार हवा अशी आत आली की दारामागचं कॅलेंडर उडून पडलं. ओझेला गुडघ्यांवर बसून त्या भोकाला तोंड लावून श्वास घेत राहिली, मग रांगत येऊन तिने लिअँडरची खुर्ची खिडकीकडे ओढली. आवाज ऐकून होझिया धावत आला. त्याने पुढचं दार उघडलं, गॅसची चावी बंद केली आणि बाहेर जाऊन ओकला. बहुधा भीतीने.

बऱ्याच वेळाने लिअँडरने डोळे उघडले. खुर्चीत बर्फाचे कण, मांडीवर काचा.

“खिडकी कोणी फोडली?” तो पुटपुटला. “सगळी ऊब गेली.”

“हो,” ओझेला म्हणाली. तिच्या तळहातातून रक्त येत होतं आणि ती त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरून बसली होती. “ऊब गेली. तुम्ही राहिलात. आता ओरडायचं असेल तर ओरडा. मला ऐकायचंय.”

तो ओरडला नाही. रडायला लागला, आणि मलाच तिकडे बघवेना.

दवाखान्यातून दोघं परत आल्यावर गॅस कंपनीचा माणूस आला. त्याने म्हाताऱ्या हीटरला ‘वापरू नका’ अशी लाल चिठ्ठी लावली आणि मला पुन्हा भिंतीवर चढवलं. माझी धूळ झटकली, जळती ज्योत निळी आहे ना ते वाकून बघितलं. भोंग्याच्या डबीत नवे सेल पडले. पातेलं गेलं, आणि ते ओझेलाने स्वतः उचललं, हे तिच्या बाजूने लिहून ठेवा.

लिअँडरने चर्चमध्ये साक्ष दिली. देवदूताने ओझेलाच्या कानात सांगितलं म्हणाला. सगळ्यांनी आमेन म्हटलं. त्या देवदूताने आधी कितीतरी वेळा विझून सांगितलं होतं, ते त्याने सांगितलं नाही. सांगणार तरी कसा? त्याच्या तोंडून स्वतःची चूक निघायची असेल तर पुन्हा तवाच लागेल.

पण परवा घरात पाहुणे जमले. दारं लागली, गप्पा वाढल्या, हवा कोंदली आणि मी विझलो. पाहुणे हसले. “डीकन, तुमचा हीटर गेला!” लिअँडर खुर्चीतून कष्टाने उठला, नव्या खिडकीशी गेला, ती बोटभर वर केली आणि तिथेच फटीकडे तोंड करून उभा राहिला. मग माझ्यापुढे गुडघा टेकून त्याने मला पेटवलं.

तुमच्याविषयीचं माझं मत ह्याने बदललेलं नाही. तुम्ही उद्या पुन्हा कुठेतरी फट दिसली की लिंपाल, मला झोपायच्या खोलीत टांगाल, माझ्यावर मोजे वाळवाल आणि भोंग्याचे सेल खेळण्यात घालाल. तरीही, नाइलाजाने, एक विनवणी करतो. मी विझलो की मला लाथ मारायच्या आधी खिडकी उघडा. आधी स्वतः श्वास घ्या, घरातल्यांना घेऊ द्या, मग माझं काय ते बघा. मी विझलो तर पुन्हा पेटतो. तुमचं तसं नाही.