मधून कडेकडे

कासोंदेने डिस्क दारातल्या उन्हात तिरपी धरली आणि त्याचा हात तिथेच थांबला. तीन रेघा. बारीक, सरळ, एकमेकींना लागून. मधल्या भोकाजवळून निघून कडेपर्यंत गेलेल्या. त्याने ती डिस्क खाली ठेवून दुसरी उचलली. तिच्यावरही तीन. तिसरीवर दोनच होत्या, पण वळण तेच.

असे ओरखडे त्याने वर्षभरात चाळीस-पन्नास वेळा तरी पाहिले होते, आणि ते कशाचे हे मासेकोला त्यानेच सांगितलं होतं. मासेकोचं गेमचं दुकान होतं. चार टीव्ही, आठ बाकडी, आणि फुटबॉलचे सामने खेळायला जमणारी वस्तीतली सगळी पोरं. दुकान नामुकोलो सांभाळायची. पस्तिशीची, एकटी, खणखणीत आवाजाची बाई. पोरं तिला आईपेक्षा जास्त भ्यायची. तिच्या बोटात तांब्याची जाड अंगठी होती. ‘डिस्क काढताना बोट भोकात घालते आणि बाहेर खेचते. अंगठी घासत येते,’ असं कासोंदे म्हणाला होता, डॉक्टरने रोग सांगावा तसं. आठवड्याभरात मासेकोने तिला कामावरून काढलं. त्याला आता अडीच महिने झाले होते, आणि तेव्हापासून अशा रेघा आज पहिल्यांदाच दिसत होत्या. दुकानात मासेकोचा मेहुणा बसत होता. त्याच्या हातात अंगठी नव्हती. साधं घड्याळसुद्धा नव्हतं.

कासोंदेने तिन्ही डिस्क पुन्हा पाकिटात सरकवल्या आणि बराच वेळ पाकिटावर हात ठेवून बसून राहिला.

खाणीच्या वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं त्याने पंपांचे शाफ्ट घासले होते. त्यात बघून दाढी करावी असा शाफ्ट करून द्यायचा. वर्कशॉप बंद झालं तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. पहिल्या महिन्यात मासेको मक्याच्या पिठाचं पोतं घेऊन दारात आला, तर कासोंदेने ते पोतं तसंच्या तसं खांद्यावर घेऊन त्याच्या घरी परत नेऊन टाकलं. म्हणाला, न्गोनी माणसाने दिलेलं पीठ बेम्बा माणसाला पचत नाही. दोघांच्या जमाती पूर्वीच्या वैरी, म्हणून आता एकमेकांची हक्काने टर उडवणाऱ्या. त्यामुळे मासेकोही हसला आणि म्हणाला, ठीक आहे माकडखाऊ, उपाशी मर.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मासेको एक ओरखडलेली डिस्क घेऊन आला होता. ‘शाफ्ट घासायचास ना? हे घासून दाखव.’ कासोंदेने पहिल्या दोन डिस्क वाया घालवल्या. तिसरी चालली. मग तो शिकत गेला. झीरो नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवायचा, हलकं घासायचं, वरून गाडीचं पॉलिश सुती फडक्याने फिरवायचं. आणि हात नेहमी मधून कडेकडे, कधीही गोल नाही. डिस्कवरचं सगळं गोल लिहिलेलं असतं. आडवी रेघ यंत्र ओलांडून जातं, पण गोल ओरखडा उमटला की अख्खी ओळच खलास. हे त्याने मासेकोलाही समजावलं होतं, बोट धरून शिकवावं तसं.

हळूहळू इतर दुकानांतूनही एखाददुसरं काम यायला लागलं, पण खरी भिस्त मासेकोच्या पाकिटांवर होती. कासोंदेची बायको, बाना चोला, हिने जुन्या मखमली पडद्याच्या साठ पिशव्या शिवल्या, आतून मऊ, डिस्क अलगद बसेल अशा. त्या त्याने मासेकोला भेट दिल्या, उलट काही न घेता. रविवारी चर्चबाहेर तो सांगायचा की माझे हात नसते तर मासेकोच्या दुकानाला आठवड्यात कुलूप लागलं असतं. मासेको शेजारी उभा राहून मान डोलवायचा.

दुपारी बारा वाजता कासोंदे उठला आणि मासेकोच्या दुकानाकडे निघाला. वीज गेलेली होती, त्यामुळे पुढचं शटर खाली होतं. मागच्या बाजूला पेरूचं झाड होतं आणि मागचं दार अर्धं उघडं. मेहुण्यालाच विचारावं, डिस्क कशी काढतोस, एवढंच त्याच्या मनात होतं.

आत मेहुणा नव्हता. मासेको एका क्रेटवर पाय पसरून बसला होता, दाराकडे पाठ करून. शेजारी मखमली पिशव्यांच्या दोन चळती नीट रचलेल्या. त्याने एका पिशवीतून डिस्क काढली, शर्टाच्या टोकाने पुसली, खिडकीकडे धरून पाहिली. मग सोड्याच्या बाटलीचं झाकण दोन बोटांत धरून त्याने मधल्या भोकाजवळून कडेपर्यंत एक रेघ ओढली. थांबून फुंकर मारली. दुसरी ओढली. तिसरी. जीभ दातांत धरून, शाळकरी पोराने पट्टीने रेघ मारावी तशी. डिस्क पुन्हा पिशवीत ठेवली, पिशवी उजव्या चळतीवर, आणि पुढच्या पिशवीला हात घातला.

कासोंदे मागच्या मागे वळला. पेरूच्या झाडाखाली एक कोंबडी त्याच्या पायात आली, तिला त्याने वळसा घातला.

घरी आल्यावर बाना चोलाने विचारलं, काम का थांबलं. तो म्हणाला, पॉलिश संपलं. डबा समोर अर्धा भरलेला होता. तिने डब्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि भाजी चिरायला बसली.

सकाळी तो बस स्टँडवर गेला. नामुकोलो तिथे वितुंबुवा तळते एवढं त्याने ऐकलं होतं. पाण्याच्या टाकीजवळ तिची शेगडी होती; मोठ्या कढईत पिठाचे गोळे फुगून वर येत होते. त्याला पाहून तिने झारा थांबवला नाही.

“किती देऊ, ताता?” तिने कुठल्याही गिऱ्हाईकाला विचारावं तसं विचारलं.

तो म्हणाला की तो खायला आलेला नाही. मग कालचं सगळं सांगितलं, पेरूच्या झाडापासून झाकणापर्यंत. सांगताना त्याची नजर कढईवर होती. तिने मधे एकदाही आश्चर्य दाखवलं नाही, तेव्हा त्याने मान वर केली.

“तुला ठाऊक होतं.”

“दुसऱ्या महिन्यापासून,” ती म्हणाली. “मी बघितलं, तर म्हणाला, हा माणूस पिठाचं पोतं परत करतो. काम तेवढं घेईल. तू तोंड उघडू नकोस.”

“आणि मी अंगठीचं सांगितलं तेव्हा?”

तिने गोळे निथळून कागदावर काढले, नवे सोडले. त्या संध्याकाळी मासेको तिच्या घरी आला होता, हे तिने सावकाश सांगितलं. खाली मान घालून बसला होता. म्हणाला, आता दोनच वाटा आहेत. एक तर त्याला खरं सांगायचं, नाहीतर तू जायचं. तिने विचार करायला वेळ मागितला नाही. तिचा मुलगा वसतिगृहाच्या शाळेत होता आणि त्याच्या फीचं सगळं मासेको बघत होता.

“अजूनही बघतो,” ती म्हणाली. “त्या बाबतीत त्याने शब्द मोडलेला नाही.”

कासोंदेच्या ओठांवर मासेकोसाठी बेम्बातली एक जुनी शिवी आली होती. ती त्याने गिळली.

“मी तुझ्यावर आळ घेतला,” तो म्हणाला.

“घेतलात. तो चालला असता. पण तुम्ही चर्चमध्ये माझ्याकडे बघणंही सोडलंत. मी समोरच्या बाकावर बसायचे, ताता, आणि तुम्ही माझ्यावरून नजर न्यायचात, भिंतीवरून न्यावी तशी.”

एक बस आली, लोक उतरले, तिच्याभोवती गर्दी झाली. तो बाजूला उभा राहिला. गर्दी ओसरल्यावर तिने कमरेच्या फडक्याला हात पुसले.

“भांडायला जाणार असाल तर जा. पण मी बोलले असं त्याला कळू देऊ नका. पोराची परीक्षा दोन महिन्यांवर आहे. आणि तुम्ही त्याची पाकिटं परत केलीत, तरी तो मलाच विचारायला येईल.”

कासोंदेने मान हलवली. जाताना तिने कागदात चार वितुंबुवा बांधून त्याच्या हातात दिले. त्याने घेतले.

शनिवारी मासेको स्वतःच पाकीट घेऊन आला. आरडाओरडा करतच दारातून आत शिरला, स्टूल ओढून बसला आणि बाना चोलाला म्हणाला, “वहिनी, तुमच्या माकडखाऊला आज जास्त जेवायला घाला, बारा डिस्क आणल्यात.” मग पोरांना शिव्या घातल्या, हात आहेत की खोरी, म्हणाला. एरवी यावर कासोंदे न्गोनींच्या उंदीर खाण्याचा उद्धार करायचा. आज त्याने नुसतं पाकीट उघडलं.

पहिली डिस्क त्याने दारातल्या उन्हात धरली. तिरपी केली. सावकाश फिरवली, एक फेरा, मग आणखी एक.

“वाचेल ना?” मासेकोने विचारलं.

“वाचेल,” कासोंदे म्हणाला. “खोल गेलेलं नाही. ज्याने ओढलं त्याने फार जपून ओढलंय.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. मासेकोने स्टूल थोडं मागे सरकवलं, गुडघ्यांवर हात टेकले, आणि मग वाकून टेबलावरचं पाकीट परत घेण्यासाठी हात पुढे केला.

कासोंदेने पाकिटावर तळवा ठेवला.

“राहू दे,” तो म्हणाला, आणि पॉलिश पेपर पाण्यात बुडवला.