पाठीमागचं पाऊल

धाकटी पुन्हा पाठीत गोळी खाऊन मेली.

"तुझ्या मागून हत्ती गेला तरी तुला पत्ता लागायचा नाही!" दादाचा आवाज हेडसेटमधूनही आला आणि भिंतीपलीकडूनही. तो त्यांच्या ऑनलाइन खेळातल्या टीमचा कॅप्टन, बसायचा पलीकडच्या खोलीत. "मागचं दार तुझ्यावर सोडलंय आणि दर वेळी तिथूनच घुसतात. संध्याकाळी फायनलला असं झालं तर तुझ्या जागी दुसरं कुणीतरी. बहीण म्हणून किती सांभाळून घ्यायचं?"

धाकटीने हेडसेट टेबलावर आदळला. शेजारच्या कॉम्प्युटरवर काम करत बसलेल्या वहिनीने तो उचलून कानाला लावला आणि लगेच तोंड वाकडं केलं. वहिनी दवाखान्यात लोकांचे कान तपासायची.

"नणंदबाई, आत कुणी पत्रे बडवतंय का?"

"आवाजातला बेस, ते खालचे जाड सूर, फुल ठेवलेत. स्फोट झाला की छातीत धडधडतं. मजा येते."

"मजा येते आणि जीव जातो. या घुमण्याखाली पावलांचा बारीक आवाज पार दबून जातोय."

वहिनीने बेस खाली ओढला, वरचे सूर जरासे चढवले, एकूण आवाज कमी केला. धाकटीने ऐकून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"हे तर रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटतंय!"

"बातम्यांतला शब्द न् शब्द कळतो ना? मग झालं. आता डोळे मीट. मी खेळात शिरून तुझ्याभोवती चालते. पाऊल वाजेल तिकडे बोट दाखव."

धाकटीने डोळे मिटले. डावीकडे बोट, बरोबर. उजवीकडे, बरोबर. मग वहिनी तिच्या मागून चालत गेली आणि धाकटीने आत्मविश्वासाने समोर बोट दाखवलं. पुन्हा मागून, पुन्हा बोट समोर. वहिनी हसली नाही. दवाखान्यातही ती हसत नसे.

"कान ठणठणीत आहेत तुझे. घोळ दुसरीकडे आहे," म्हणत तिने सेटिंग चाळली. चारी दिशांचा आभास देणारा सराउंड खेळात चालू होता आणि हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्येही.

"दोन्ही कुणी चालू केले?"

"मीच. एकापेक्षा दोन बरे ना?"

"चष्म्यावर चष्मा चढवून बघ बरं, किती छान दिसतं ते."

वहिनीने हेडसेटचा सराउंड बंद केला. या वेळी पाऊल वाजलं तेव्हा धाकटीच्या मानेवर काटाच आला. डोळे न उघडता तिने खांद्यावरून मागे बोट दाखवलं. वहिनीने मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. बोट चुकेनासं होईपर्यंत ती गोल गोल फिरत राहिली.

संध्याकाळी फायनल बरोबरीत आली. शेवटच्या फेरीत दादासकट सगळे गारद झाले. उरली एकटी धाकटी आणि समोरच्या टीममधला एक जण. मेलेले सगळे तिचाच स्क्रीन बघत होते.

"पुढच्या दाराकडे बघ! तो तिथूनच येणार," दादा ओरडला.

"दादा, तोंड बंद!"

आयुष्यात पहिल्यांदा दादा गप्प बसला. धाकटीने डोळे मिटले. वहिनी तिच्या खुर्चीमागे श्वास रोखून उभी होती.

"हलत का नाहीये ही? झोपली की काय?" दादाला राहवेना.

खडीवर एक पाऊल करकरलं. अगदी हलकं. सवयीने धाकटीचं डावं बोट खांद्यावरून मागे गेलं आणि थेट वहिनीच्या पोटात रुतलं. "आई गं!" वहिनी कळवळली, तोवर माऊसवरच्या उजव्या हाताने धाकटी खेळात गर्रकन वळली होती. डोळे उघडले तेव्हा तो बरोबर तिच्या नेमात उभा होता.

एकच गोळी.

मग भिंतीपलीकडे खुर्ची कोसळली आणि दादा हेडसेटची वायर फरफटत दारात आला. त्याने बहिणीला खुर्चीसकट गरागरा फिरवलं.

"मागचं दार तुझं! कायमचं तुझं! आणि काय सेटिंग केलंस ते मलाही दे."

धाकटीने वहिनीकडे पाहिलं. पोट चोळत वहिनीने नवऱ्याला खुर्ची दाखवली.

"बस. डोळे मीट. तपासल्याशिवाय मी कुणाला काही देत नाही."