पाय न टेकवता

बाबांना सायकलवर जागच्या जागी उभं राहायला मी शिकवलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पोरगी आढेवेढे घेतेय असं नंतर कुणी म्हणायला नको.

उभं राहायचं म्हणजे सीटवर चढून नव्हे. चालती सायकल थांबवायची, दोन्ही पाय पेडलवरच ठेवायचे आणि जमिनीला पाय न टेकवता तोल धरून राहायचं. पुढचं चाक थोडं वळवायचं, पेडलवर बारीक मागेपुढे झुलायचं, नजर एका जागी ठेवायची. मी हे चौदाव्या वर्षी शिकले आणि बाबांनी माझं नाव 'सर्कस' ठेवलं. आज सव्वीस वर्षांची घोडी झाले, सायकलच्या दुकानात मिस्त्रीकाम करते, तरी घरात सर्कसच.

"याचा सायकल चालवणाऱ्याला काडीचा तरी उपयोग आहे का?" ते विचारायचे. "थांबायचंय ना? मग पाय टेकव. पाय दिलेत कशाला?"

मी म्हणायचे, गर्दीत हळू जाता येतं, तोल कळतो, अंगातली भीती जाते. त्यावर ते म्हणायचे, "एकतीस वर्षं रस्त्यावर आहे मी. मला अजून कुणी म्हणालं नाही की बाबा रे, जरा उभा राहून दाखव."

बाबांचं काम रक्ताचे नमुने पोचवायचं. सकाळी सातला निघायचं, दुपारी दोनपर्यंत सव्वीस दवाखाने करायचे आणि नळ्या मोठ्या लॅबमध्ये नेऊन द्यायच्या. मागे कॅरिअरवर डबा, डब्यात बर्फ, बर्फात नळ्या. सायकलवर ते इतके ताठ बसायचे की लॅबमधले लोक त्यांना 'ओळंबा' म्हणायचे. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला बांधून सोडतो, तो ओळंबा. बाबांना हे नाव आवडायचं. दाखवायचे नाहीत, पण आवडायचं.

मग बाबांसारखंच काम करणाऱ्या एकाचा डबा रस्त्यात उलटला. पन्नास माणसांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली, बोंबाबोंब झाली आणि लॅबने एक सुरक्षा अधिकारी आणून बसवला. या गृहस्थाने सायकल बहुधा भिंतीला टेकवलेलीच पाहिली असावी. त्याने परीक्षा काढली. जमिनीवर दोन पांढऱ्या पट्ट्या, त्यांच्यामधून बारा मीटर जायचं, पण तीस सेकंदांच्या आत पोचायचं नाही. शेवटी शिट्टी वाजली की दहा सेकंद जागच्या जागी, पाय न टेकवता. जो नापास होईल त्याची सायकल जमा, आणि त्याने तळघरात बाटल्या धुवायच्या.

"तळघरात मी महिनाभरही टिकणार नाही, सांगून ठेवतो," बाबा जेवताना म्हणाले. आवाज शांत होता. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. उघड्यावर काम करत म्हातारा झालेला माणूस, तळघरात खरंच वाळून गेला असता. आईने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला आणि माझ्याकडे बघितलं.

परीक्षेला बरोबर तीन महिने होते. दुसऱ्याच दिवशी पहाटे, ते कामावर निघायच्या आत, मी त्यांना दुकानामागच्या सिमेंटच्या अंगणात नेलं. खडूने पट्ट्या आखल्या. बाबा निघाले, चार हात गेले आणि डावीकडे कलंडले. पाय टेकवला. पुन्हा निघाले, पुन्हा डावीकडे. असं अकरा वेळा झालं, आणि अकराच्या अकरा वेळा डावीकडे.

"बाबा, सारखे डावीकडेच का पडताय?"

"कुठेतरी पडायलाच हवं ना," ते म्हणाले आणि दोघंही हसलो.

आता माझा धंदा काय आहे ते सांगते, म्हणजे मी काय केलं ते कळेल. मी चाकांचा आऊट काढते. चाक फिरताना लहरतं, एका बाजूला ओढ खातं, त्याला आऊट म्हणतात. रिम डावीकडे ओढत असेल तर उजवीकडचे स्पोक पाव फेरा कसायचे, पुन्हा फिरवून बघायचं, पुन्हा कसायचे. रिम डावीकडे का गेली, खड्ड्यात आपटली की कुणी लाथ घातली, हे मी गिऱ्हाइकाला कधी विचारत नाही. कशाला विचारू? उजवीकडून कसलं की चाक सरळ होतं. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही आणि मला त्याची घमेंड आहे. होती.

बाबांचा मी आऊट काढला. पहिल्या आठवड्यात त्यांना उजव्या पेडलवर भार टाकायला शिकवलं. पुरेना. दुसऱ्या आठवड्यात हँडल केसभर उजवीकडे फिरवून कसलं. तरी ते डावीकडे जातच होते, उलट थोडे जास्तच. मग उजव्या बाजूला एक पिशवी अडकवली आणि तिच्यात जुन्या चेन भरल्या. आधी एक किलो, पुढच्या महिन्यात दोन. दर वेळी ते चार दिवस सरळ जायचे, मग पुन्हा ओढ घ्यायचे, आणि मी पुन्हा कसायचे. वय झालं, सवय नाही, परीक्षेची धास्ती आहे, असं मी स्वतःला सांगत होते. सांगायला काय लागतं?

घरात बाकीचंही दिसत होतंच. कप टेबलावर ठेवताना दोन बोटं अलीकडेच सोडायचे, आणि कप खाली. डाव्या बाहीचं बटण आई लावून द्यायला लागली होती. सकाळी डोकं धरून बसायचे. एकदा काही कारण नसताना उलटी झाली, मग आठ दिवसांनी पुन्हा.

"अहो, एकदा दाखवून या ना," आई म्हणाली. "दिवसाला सव्वीस दवाखाने फिरता, त्यातल्या एकात दोन मिनिटं बसायला काय होतं?"

"परीक्षा होऊ दे," बाबा म्हणाले.

आई ऐकेना. तिने मलाही गळ घातली, हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मीच तिला स्वयंपाकघरात गाठून झापलं. "त्या सगळ्या दवाखान्यांचे कागद लॅबमध्येच जातात. तिथे एकाने 'चक्कर' असं लिहिलं की संपलं. परीक्षा द्यायच्या आधीच सायकल जमा. तुला त्यांना तळघरात बघायचंय का?"

आई पुन्हा कणीक मळायला लागली. मी घरात मोठ्या आवाजात बोलले की ती माघार घेते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी मी दुकानातून सुट्टी काढून लॅबच्या आवारात गेले. अधिकारी गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता. बाबांच्या आधी दोघे तरणेताठे गडी गेले, दोघांनीही पाय टेकवले. मग बाबा. पट्ट्यांमधून ते निघाले. मला दिसत होतं, ते सगळं अंग उजवीकडे लटकवून चालले होते. इतरांना दिसत नव्हतं. इतरांना ओळंबा दिसत होता. चौतीस सेकंद. शिट्टी झाली. बाबा थांबले, चाक वळवलं, झुलले, नजर समोरच्या नळावर. दहा सेकंद म्हणजे केवढा वेळ असतो ते मला त्या दिवशी कळलं. अधिकाऱ्याने पुन्हा शिट्टी मारली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा सायकल हातात धरून माझ्याकडे आले. कपाळावरचा घाम ओघळून भुवयांत आला होता. "सर्कस," ते म्हणाले, "उपयोग आहे बरं का."

बारा वर्षं मी या एका वाक्यासाठी भांडत होते. घरी जाताना मी रस्ताभर बडबडत होते आणि ते नुसते हसत होते.

त्यानंतर दहाव्या दिवशी ते पडले. सरळ रस्ता, भरदुपार, मागेपुढे कुणी नाही. कुणी धडक मारली नाही, खड्डा नव्हता. एका दुकानदाराने पाहिलं. म्हणाला, हळूहळू डावीकडे येत गेले आणि भिंतीत शिरले, ब्रेकसुद्धा मारला नाही. खांदा मोडला. खांद्यासाठी नेलं आणि डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना आत बोलावलं. मेंदूच्या मागच्या भागात, डाव्या बाजूला गाठ होती. तोल सांभाळणारा भाग तो. "तोल जातोय असं कधीपासून वाटत होतं?" त्यांनी विचारलं.

"महिना झाला असेल," आई म्हणाली. तिला खरंच तेवढंच माहीत होतं.

"तीन महिने दहा दिवस," मी म्हणाले.

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. मग मी सगळं सांगितलं. पेडल, हँडल, चेनची पिशवी, एक किलो, दोन किलो, आणि दवाखान्यात कुणी जाऊ दिलं नाही तेही. त्या एवढंच म्हणाल्या की तेव्हा गाठ लहान असणार, पूर्ण निघण्याची आशा होती. आता जेवढी निघेल तेवढी काढू. वर्षभराच्या पुढचं त्यांनी काही सांगितलं नाही.

आई बाहेर बाकावर बसली. मी शेजारी बसायला गेले तर तिने मधल्या जागेवर पिशवी ठेवली.

ऑपरेशनला आता तीन आठवडे झाले. बाबांना बसतं करायला दोन माणसं लागतात. जीभ जड झालीय, पण बोलतात. गाठ कुठे होती ते त्यांना ठाऊक आहे. ती कधीपासून होती ते आई सांगत नाही, आणि माझी छाती होत नाही. रोज ठरवून जाते, रोज तशीच परत येते.

काल नवीन सिस्टर त्यांची उशी बदलत होती. बाबांनी तिचा हात धरून थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं. बोट माझ्यापर्यंत आलं नाही, भिंतीकडे गेलं.

"ही माझी मुलगी," ते म्हणाले. "लॅबने परीक्षा घेतली. सगळे जवान पडले. मी पास झालो. हिच्यामुळे."

"नशीबवान आहात, काका," सिस्टर म्हणाली.

आई उठली आणि खोलीबाहेर गेली.