खुणा ओळखणारा फोन

तुम्ही माझ्या मावशीच्या हातांवर फुगे सोडलेत. नवरा गेला म्हणून शोकात बसलेल्या, तोंड बंद ठेवलेल्या बाईच्या हातांवर. तुम्ही कोण, कुठल्या शहरात बसता, मला ठाऊक नाही. फोनच्या पाठीवर कंपनीचं नाव असतं, माणसाचं नसतं. म्हणून नुसतं 'तुम्ही' म्हणते, आणि ते मानानं म्हणत नाही.

आमच्यात, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटातल्या आदिवासींत, नवरा गेला की बाई बोलणं सोडते. वर्षभर, कधी त्याहून जास्त. ती बायकांच्या तळावर, विधवांच्या वेगळ्या वस्तीत, येऊन राहते आणि हातांनी बोलते. हातांनी सगळं बोलता येतं. भांडता येतं, चहाड्या सांगता येतात, चहात साखर कमी पडली म्हणून टोमणाही मारता येतो. तिचं तोंड कधी उघडायचं ते नवऱ्याच्या बहिणी ठरवतात. गेलेल्या माणसाचं नाव कोणी घेत नाही. मीही घेणार नाही.

मावशीचा नवरा अॅडलेडच्या इस्पितळात गेला, छातीच्या ऑपरेशननंतर. पुढे त्याच इस्पितळात त्याची मुलगी, आमची लेटिशा, जाऊन पडली. लहानपणी घसा सुजून ताप यायचा, त्या तापानं हृदयाची झडप खाल्ली. डॉक्टर म्हणाले, झडप बदलू, सही कर. लेटिशा म्हणाली, आधी आईशी बोलू द्या. बाबांना आत नेलं तेव्हा आई शेजारी होती. ते घाबरले होते का, शेवटी काय म्हणाले, मला आई सांगेल, मग मी काय ते ठरवीन.

"अगं, मावशी मला सांगेल, मी तुला सांगते," मी गावातल्या क्लिनिकच्या फोनवर म्हटलं.

"तू? तू लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत तिखटमीठ घालतेस. मला आईचे हात बघायचेत."

खरं होतं तिचं. असलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून घ्यायचं नसतं.

पण तळावरचे आमचे सगळे फोन मेले होते. जुनं थ्रीजीचं जाळं बंद केलं, आता नवे फोन घ्या, असा हुकूम आला होता. मग आम्ही पाच जणी टोयोटात बसून अॅलिस स्प्रिंग्जला गेलो. मावशी तळ सोडून येऊ शकत नव्हती. आत्या आली, म्हणजे गेलेल्या माणसाची थोरली बहीण. मावशीचं तोंड उघडायचा हक्क तिचा, आणि तिचं स्वतःचं तोंड जन्मापासून उघडंच.

दुकानातला बिनॉय केरळचा. या बायका काही चोरतील म्हणून दुकानभर आमच्या पाठीमागे फिरत नाही, म्हणून आम्ही त्याच्याचकडे जातो. महागडे फोन बाजूला सारून त्यानं खिशाला झेपणारे पुढे मांडले.

"बॅटरी दोन दिवस जाते," तो म्हणाला. "पडला तरी काच लवकर फुटत नाही. आणि चेहरा आपोआप उजळ दिसतो."

"उजळ म्हणजे गोरा?" आत्यानं विचारलं.

"थोडासा."

"मग घेऊ या. हा तोंडापुढे धरून बाजारात फिरलं की रखवालदार तरी मागे लागणार नाही."

सगळ्या हसल्या. बिनॉय कानापर्यंत लाल झाला.

"आम्हाला चेहरा नकोय भाऊ," मी म्हटलं. "व्हिडिओवर हात नीट दिसले पाहिजेत. आमच्यातली एक बाई हातांनी बोलते."

त्याचा चेहरा खुलला. त्यानं एक निळा फोन उचलला. "मग हाच घ्या. हा हाताच्या खुणा ओळखतो."

आम्ही पाचही जणी त्या फोनवर वाकलो.

"कोणाच्या खुणा?" आत्या म्हणाली.

"कोणाच्याही. हे बघा." त्यानं तळहात वर केला आणि फोननं आपला आपण फोटो काढला.

शाळेत मास्तरांनी आमच्या आयांच्या हातांवर छड्या मारल्या, खुणा बंद करा म्हणून. आणि इथे एक फोन म्हणत होता, मी तुमच्या खुणा ओळखतो. कोणीतरी लांबच्या देशात बसून आमच्या विधवांचा विचार केला असेल, असं आम्हाला वाटलं. हसू नका. तुम्ही डब्यावर लिहिता, आम्ही वाचतो. पाचही जणींनी तोच फोन घेतला. परतताना आत्या गाडीत म्हणाली, "गोऱ्यांना उशिरा अक्कल येते, पण येते."

दुसऱ्या दिवशी तळावर सावलीला मावशीला बसवलं. फोन दगडाला टेकवला. अॅडलेडच्या खाटेवर लेटिशा दिसली, नाकात नळी, केस विस्कटलेले. मावशीनं तिला डोळे भरून पाहून घेतलं. मग तिचे हात उठले.

हात दिसेनात. फोन तिचं तोंड धरून बसला होता. तोंडाभोवतीचं सगळं त्यानं धूसर केलं, वाळू, झाड, आणि त्यांच्यासोबत हातही. ती मागे सरकली तर चित्र तिच्या तोंडामागे धावलं. ती हात तोंडाजवळ नेऊन बोलू लागली, पण छातीशी करायची खूण गालाशी केली तर ती वेगळीच होते. तरी लेटिशा मान हलवत होती, पुढे सांग म्हणत होती.

मावशीनं आपल्या माणसाविषयी सांगायला दोन बोटं वर केली. फोनला ती आनंदाची खूण वाटली; पडदाभर फुगे उडाले. लाल, पिवळे, जांभळे. अंगठा वळला तर फटाके फुटले. मावशीनं तळहात पुढे करून थांब म्हटलं, आणि फोननं तिचा फोटो काढला.

लेटिशाच्या मागे उभी असलेली नर्स हसली. तिला काय माहीत. तिला वाटलं, वाढदिवस आहे.

मावशीनं हात मांडीवर ठेवले.

"बंद कर ते," आत्या माझ्यावर ओरडली. "माझ्या भावाच्या नावानं जत्रा भरवलीये."

मी सेटिंगमध्ये शिरले. धूसर करणं बंद केलं, कॉल लागला की पुन्हा चालू. फुग्यांचं बटण सापडेना. दुसरा फोन आणला, तोही निळाच. पाचही निळे. मागच्या कॅमेऱ्यानं नुसता व्हिडिओ काढायला गेलो, तर तळहात दिसला की चित्रण थांबायचं, आणि हातांनी बोलणाऱ्या बाईचा तळहात दिसणारच.

बिनॉयला फोन लावला.

"ताई, मी आत्ताच बघितलं," तो म्हणाला. "ते बंद करायची सोय वरच्या मॉडेलात आहे. स्वस्तातल्यात दिलेली नाही."

"म्हणजे फुगे गरिबाला फुकट, आणि ते थांबवायचे तर श्रीमंत व्हायचं?"

तो म्हणाला, "परत आणा, मी बदलून देतो. बाकीचं मी बघतो."

भला माणूस. पण त्याच दिवशी वरच्या अंगाला पाऊस झाला आणि रस्ता नदीच्या पोटात गेला. क्लिनिकमध्ये मोठा संगणक होता, भिंतीला बोल्ट मारलेला. तिथवरची वाट गेलेल्या माणसाच्या घरावरून जाते, आणि शोक फिटेपर्यंत त्या वाटेनं मावशी पाऊल टाकू शकत नाही. तुमच्या मदतकेंद्राला फोन केला. बाई नव्हती, यंत्र होतं. म्हणालं, तुमची अडचण मोकळेपणानं बोला. मी बोलले. त्यानं विचारलं, तुम्हाला फुगे कसे वापरायचे ते शिकायचं आहे का.

संध्याकाळी आत्या मावशीसमोर जाऊन बसली. हलक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, मी तुझं तोंड उघडते. वेळेआधी उघडलं म्हणून कोणी बोललं तर माझं नाव सांग. पोरगी वाट बघतेय."

मावशीनं हातांनी सांगितलं, आणि ते मी जसंच्या तसं लिहिते: त्याची एकच बहीण इथे आहे. बाकीच्या नदीपलीकडे आहेत, आणि त्यांचेही फोन मेलेले. त्यांना न विचारता मी बोलले आणि पोरगी टेबलावर गेली, तर सगळ्या म्हणतील आईच्या जिभेनं नेली. मीही म्हणेन.

आत्या उठली आणि तिनं विनाकारण कुत्र्याला शिवी दिली.

सकाळी अॅडलेडहून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, आम्ही तिच्यावर जबरदस्ती करणार नाही, पण सही नसेल तर आजची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. मी लेटिशाशी बोलले. हातापाया पडले.

"मी नाही म्हणत नाहीये," लेटिशा म्हणाली. दोन शब्द बोलली की तिला दम लागत होता. "आईला एकदा बोलू दे. एवढंच मागतेय ना मी?"

जागा दुसऱ्याला गेली. नवी तारीख कळवतो म्हणाले. रस्ता अजून पाण्याखाली आहे, आणि लेटिशाच्या पायांवर सूज चढलीये असं नर्स सांगते.

मावशी आता हातही हलवत नाही. आमच्याशीसुद्धा. चहा घेणार का विचारलं तर नुसती बघते. दोन्ही हात मांडीवर, उलटे, एखाद्याचं सामान सांभाळायला दिल्यासारखे. आत्या तिच्यापुढे मुद्दाम अचरट खुणा करते, चिडून तरी उत्तर देईल म्हणून. ती देत नाही.

तुमच्या फोननं परवा मला विचारलं, अनुभव कसा वाटला, पाचांपैकी किती तारे. लिहायला जागा नव्हती, म्हणून इथे लिहिते. यंत्राला पुढे करू नका, डब्यावरची वाक्यं वाचून दाखवू नका. तुमच्यातल्या एका माणसानं आपलं नाव सांगून मला उत्तर द्यावं: नदी उतरेपर्यंत लेटिशाचं हृदय थांबलं नाही, तर तिनं आईशी बोलायचं कसं? आणि थांबलं, तर मावशीला मी काय सांगू?