फोनमध्ये मावेल एवढा नाताळ

काचबाईंनी व्हरांड्याचा डावा खांब सजवायला घेतला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. उजव्या खांबाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तो फोनमध्ये दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यावर दिव्यांची माळ कशाला वाया घालवायची, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

काचबाई हे नाव त्यांना दुकानात पडलं होतं. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाची रस्त्याकडची शोकेस त्यांनी एकतीस वर्षं सजवली. सगळा दिवस काचेमागे, म्हणून काचबाई. पुतळ्याला कोट ढगळ होत असेल तर पाठीमागून टाचण्या मारायच्या. भेटवस्तूंची खोकी आतून रिकामी असली तरी वरच्या कागदाला एक सुरकुती दिसता कामा नये. आणि गिऱ्हाईक उभं राहतं तिथून जेवढं दिसतं तेवढंच सजवायचं, मागे मग झाडू ठेवा नाहीतर स्वतःचा डबा. मालक म्हणायचे, बाईंच्या हाताखालून गेलेला पुतळा माणसापेक्षा बरा दिसतो. यात पुतळ्याचं कौतुक किती आणि माणसांची निंदा किती, हे बाईंनी कधी विचारलं नाही.

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा बायको आणि दोन पोरींसह विमानाशिवाय गाठता येणार नाही इतक्या लांब. दर नाताळाला तो यायचं म्हणायचा, आणि दर नाताळाला बाई आधीच फोन लावून त्याला सजलेला व्हरांडा दाखवायच्या. इथे माणसांचा राबता आहे, मला कसला आलाय एकटेपणा, तू तुझं बघ. मुलगा निर्धास्त व्हायचा, आणि यायचा नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचाच, तर तो निदान रंगीत कागदात गुंडाळून, अशी बाईंची तऱ्हा.

यंदा मात्र त्याने सरळच विचारलं होतं. "आई, खरं सांग. तुला एकटं वाटत असेल तर आम्ही सगळे येतो. नाहीतर हिच्या भावाकडे जायचं चाललंय. रविवारी संध्याकाळी सात वाजता फोन कर, तेव्हा ठरवून टाकू."

खरं सांग म्हणे. चार दिवस ते शब्द बाईंना कुसळासारखे टोचत होते. तो यायला हवा होता. इतका हवा होता की त्यांनी त्याची खोली झाडून पुसून गाद्यांवर धुतलेल्या चादरीसुद्धा घातल्या होत्या. पण 'ये' हा शब्द काही केल्या जिभेवर येईना. जन्मात कुणापुढे हात पसरला नाही, आता पोटच्या पोरापुढे पसरायचा? त्याने आपणहून यावं. सगळं छान चाललंय असं दाखवल्यावर तो आपणहून का येईल, याचं उत्तर मात्र बाईंकडे नव्हतं.

उत्तर नसलं की माणूस हाताला सवयीचं काम घेतो. बाईंनी खांबाला माळ गुंडाळली, कठड्याला हिरवी पानं आणि लाल फिती बांधल्या, दारावर चांदणी टांगली. रिकाम्या खोक्यांची उतरंड रचली आणि त्यांच्या उघड्या बाजू भिंतीकडे केल्या. वेताच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. एकीच्या पाठीवर कुणी आत्ताच उठून आत गेल्यासारखी मोरपंखी शाल टाकली. दोन कप कॉफी केली आणि त्यातल्या एका कपातली अर्धी मोरीत ओतली, कारण भरलेला कप पाहुण्याचा वाटत नाही.

शेजारचे मास्तर फिरायला निघाले होते, ते फाटकाशी थबकले.

"बाई, या बाजूचं राहिलं वाटतं."

"राहू दे हो. तिकडे कोण बघतंय?"

मास्तर बघतच होते, पण बिचारे पुढे चालू लागले.

सातपर्यंत चांगलं अंधारून आलं. बाईंनी फोन स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, नीट खुर्चीत बसल्या आणि मुलाला लावला.

"वा, आई! या वर्षी तर झकासच."

"झालं आपलं थोडंसं."

"कोण आलंय?"

"येतं जातं कुणी ना कुणी. आत्ताच एकजण उठून आत गेली."

"मग बरंय. म्हणजे आम्ही हिच्या भावाकडे गेलो तर तुला..."

"जा की. माझं काय अडलंय?"

जीभ इतकी सरावलेली होती की बाईंना ती आवरताच आली नाही. तिकडे मुलाने सुटकेचा श्वास सोडला. तो इथे स्वच्छ ऐकू आला.

त्या उठल्या. फोन उचलला आणि उजवीकडे फिरवला. बोडका खांब, पायरीवर पडलेला केराचा ढीग, भिंतीकडे तोंड केलेली खोकी, सगळ्यांवरून सावकाश फिरवला.

"हे बघ. आत कुणी नाही. शाल माझीच आहे. ती कॉफीसुद्धा मीच ओतली."



"माहीत आहे मला," मुलगा म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"दर वर्षी तीच शाल असते, आई. माझ्या लक्षात आलं होतं."

बाई कठड्याला टेकल्या. पुतळ्याच्या पाठीला टाचण्या असतात हे गिऱ्हाईकालाही ठाऊक असतं की. ते काचेपुढे उभं राहून छान म्हणतं आणि आपल्या वाटेने जातं, कारण मागे डोकावलं तर मग आपल्यालाच काहीतरी करावं लागेल. बाईंना खरंतर राग यायला हवा होता. तो आला नाही. नुसतं एकटं वाटलं, रिकाम्या घरात चार वर्षांत कधी वाटलं नव्हतं इतकं.

"मग ये ना रे," त्या म्हणाल्या.



"बघतो," मुलगा म्हणाला. "हिच्याशी बोलतो आणि बघतो. ठेवू?"

"ठेव."

'बघतो' हा शब्द बाईंनी दुकानात हजारदा ऐकला होता. बघतो म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे तिथल्या झाडूवाल्यालाही पाठ होतं. शंभरात एखादं यायचं. त्याच्यासाठी कुणी दुकान उघडं ठेवत नाही.

गार झालेली कॉफी बाईंनी उभ्यानेच पिऊन टाकली, आपलीही आणि पाहुण्याचीही. मग डाव्या खांबावरची अर्धी माळ सोडवली आणि स्टूल उजव्या खांबाकडे ओढलं. येणारा माणूस फाटकातून येतो, आणि फाटकातून दोन्ही खांब दिसतात.