तीन टुक

गिरजाच्या कानात गिरणी होती. तिचंच म्हणणं तसं. बावीस वर्षं तिने मुरबाडच्या एका भातगिरणीत यंत्राच्या तोंडाशी उभं राहून भात ओतलं, डोक्याला फडकं बांधून आणि कानाला काहीच न बांधता. सात वर्षांमागे मालकाने गिरणी विकली, यंत्र भंगारात गेलं, जागेवर मोबाइलचं दुकान आलं. पण त्या यंत्राच्या पट्ट्याचा बारीक चिरका सूर काही तिच्या कानातून उतरला नाही. "गिरणी गेली गो, पट्टा माझ्याकडंच ऱ्हायला," असं ती शेजारच्या अनिताला हसून सांगायची. हसायची ती दिवसा, माणसांत. अंथरुणाला पाठ टेकली की रडकुंडीला यायची. आजूबाजूला सगळं गप झालं की हा पट्टा जोरात, असा त्याचा उफराटा कारभार.

लोकांचं काय जातंय सांगायला! कुणी लसणाचं तेल सांगितलं, कुणी कापराची वडी सांगितली, एका शहाण्याने तर बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून लिंबू उतरायला लावलं. गिरजाने सगळं केलं. तेल पोटभर प्यायलं त्या पट्ट्याने आणि आणखी गुळगुळीत चालू लागला.

त्यात बारकूच्या अंगावरून वारं गेलं. तिचा नवरा. सकाळी बांधावर उभा होता, दुपारी उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला. उभा जन्म बैलांना हाका मारण्यात गेलेला माणूस, आता पाणी मागायलाही तोंडातून शब्द फुटेना.

तरणेपणी बारकू बैलगाडीवर गवत भरून वखारीला पोचवायचा. निघावं लागायचं पहाटे. गाडी जुंपायच्या आधी तो दोन्ही बैलांच्या गळ्यातल्या घंटांत पेंढ्याचा बोळा कोंबायचा. बायको दिवसभर राबून पडलेली, कुशीत तान्हं पोर, तिची झोप मोडायला नको. वेशीबाहेर गेला की बोळे काढून टाकायचा. संध्याकाळी घरी आला की मोठ्या ऐटीत विचारायचा, "काय गो, मी गेलो तं कळलं तरी काय?"

"नाय बा. तुमी कवा गेलात ते देवाला ठाव."

धादांत खोटं. रोज जागी असायची ती. गोठ्यातल्या घंटा बैलांच्या मानेबरोबर अधूनमधून किणकिणत असायच्या, त्या गप झाल्या की तिचे डोळे उघडायचे. मग चाकांची कुरकुर लांब जाईपर्यंत ती तशीच पडून राहायची. पण माणूस एवढ्या मायेने बोळे कोंबतोय, त्याचं मन कशाला मोडा? ती कधी बोलली नाही. पोरं मोठी झाली, गाड्या गेल्या, शेवटची जोडी म्हसा गावच्या जत्रेत विकली, तरी बोलली नाही. ती जोडी विकताना बारकूने एक घंटा तेवढी काढून घेतली. बैल देईन, घंटा नाही देणार, म्हणाला. व्यापारी हसला, बारकू नाही हसला.

तीच घंटा आता कामाला आली. लेक ज्ञानेश्वरने ती ओटीवरच्या खाटेच्या लोखंडी पाइपाला टांगली आणि तिची सुतळी बापाच्या डाव्या मनगटाला बांधली. हात हलला की घंटा वाजणार. पाणी हवं, वाजव. कूस बदलायची, वाजव. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कफ. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की घशात कफ दाटला तर त्याला लगेच कुशीवर वळवायचं, पाठ थोपटायची, उशीर झाला तर श्वास अडकेल. ज्ञानेश्वर आणि सून रेश्मा दोघं दिवसभर कारखान्यात. म्हणजे दिवसाची राखण एकट्या गिरजाची. त्या घंटेवर बारकूचा जीव होता.

आणि घंटा ऐकायची कुणी? जिच्या कानात गिरणी आहे तिने. सहा महिन्यांत तिची रया गेली. रात्री पट्टा झोपू देत नव्हता, दिवसा घंटेची धास्ती. एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या तिचा तोल गेला आणि हात भाजला, तेव्हा ज्ञानेश्वरने रजा टाकली आणि तिला कल्याणला कानाच्या बाईंकडे नेलं.

बाई तरुण, पण समजावून बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मावशी, हा आवाज पुसायचं औषध नाही. पण त्याच्या शेजारी दुसरा आवाज बसवता येतो." त्यांनी तिच्या दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी दोन मशिनं घातली. बटण दाबलं की टुक असा आवाज व्हायचा आणि ओढ्याच्या पाण्यासारखी खळखळ सुरू व्हायची. दर टुकला पाणी वाढायचं. "पण एक लक्षात ठेवा. कानातला आवाज बुडवायचा नाही. दोन्ही ऐकू आले पाहिजेत. हळूहळू मन त्याच्याकडे बघायचं सोडून देतं."

घरी आल्यावर मायलेकांनी पारख केली. बारकू हात हलवणार आणि गिरजा घरभर फिरून ऐकणार. एक टुक, घंटा ऐकू आली. दोन टुकला आली. तीन टुकला चुलीपाशी, न्हाणीत, मागच्या पडवीत, सगळीकडे आली, बारीक पण चोख. मग तिने चौथा टुक दिला. आणि पट्टा गेला! पार गेला. सात वर्षांनी पहिल्यांदा कानात नुसतं पाणी वाहत होतं. ती चुलीपाशी तोंडावर हात ठेवून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिने दारातून ओटीकडे पाहिलं. बारकूचा हात हलत होता, घंटा झुलत होती आणि आवाज मात्र येत नव्हता.

"तीनच गो आये," ज्ञानेश्वर म्हणाला. "माझी शपथ हाय. चौथा नाय द्यायचा."

"नाय देनार."

तीन टुकांवरही तिला झोप लागू लागली, हे नवल. दुपारी जेवणं उरकली की ती चुलीच्या खोलीत थंड जमिनीवर आडवी व्हायची. आधी घटकाभर, मग तासभर, मग दोन-दोन तास. चेहऱ्यावर तजेला आला. अनिता म्हणाली, "बाय, तू तं पुन्हा नवरी दिसाया लागलीस." गिरजाने तिच्या पाठीत धपाटा घातला.

एकच गोष्ट तिला कळेना. दुपारची घंटा वाजेनाशी झाली. ती उठून ओटीवर जायची तर कधी बारकूचं अंथरूण ओलं, कधी एकाच कुशीवर पडून खांदा लालेलाल. "घंटा वाजवाया काय झालं व्हतं तुमाला? हात मोडला काय?" ती ओरडायची. तो अर्ध्या तोंडाने हसायचा. आणखी एक. त्याच्या निळ्या गोधडीचा कोपरा कुरतडल्यासारखा झाला होता. उशीखाली एकदा चिंधीचा चुरगळलेला गोळा सापडला. तिने तो केरात टाकला, तर दुसऱ्या दिवशी गोधडीचा आणखी एक तुकडा गायब. "उंदीर हाय का घुस हाय तुमच्यात?" बारकू पुन्हा हसला. तिला वाटलं, आजारी माणूस, चाळा लागला असेल हाताला.

भातकापणीचे दिवस आले. त्या मंगळवारी शेजारच्या खळ्यावर मळणीचं यंत्र सकाळपासून घरघरत होतं. दुपारी ते थांबलं आणि गिरजाच्या कानातला पट्टा असा काही पिसाळला की तिने भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. बारकूला पेज भरवली, तोंड पुसलं, कुशीवर वळवलं. तो तिच्याकडे बघत होता. डाव्या हाताने त्याने तिला जा, पड, अशी खूण केली.

ती पडली. टुक, टुक, टुक. पट्टा चालूच. अंगठा बटणावर होता. एकदाच, तिने स्वतःला सांगितलं. आजच्या दिवस. आणि चौथा टुक दिला.

जाग आली तेव्हा ऊन उंबऱ्यावर चढलं होतं. ती ओटीवर आली तर बारकू उताणा पडला होता, डोळे आढ्याला लागलेले, ओठ काळेनिळे. डावा हात खाटेबाहेर ताणलेला. तिने त्याला वळवलं, पाठ थोपटली, हाका मारल्या, किंचाळली. अंग कोमट होतं, एवढंच. अनिता धावत आली, मग अख्खी आळी आली.

ज्ञानेश्वर कारखान्यातून आला तेव्हा कुणीतरी सुतळी कापून घंटा औषधांच्या टोपलीत टाकली होती. त्याने बापाचा हात हातात घेतला. मनगटावर सुतळीचा वळ होता, खोल, लालभडक. केवढा हिसका मारला असेल, किती वेळा मारला असेल. तो तसाच उठला, आईच्या कानातलं मशीन काढलं, आपल्या कानाशी धरलं आणि सगळ्यांसमक्ष आवाज कमी करायचं बटण दाबत गेला. टुक. टुक. टुक. टुक. मग मशीन गप झालं.

"चार, आये?" एवढंच बोलला तो.

तेरा दिवस त्याने आईशी शब्द काढला नाही. ताट रेश्मा आणून द्यायची. गिरजा मशीन घालत नव्हती. पट्टा रात्रंदिवस चालायचा आणि ती त्याला म्हणायची, चाल मेल्या, चाल. तुझ्यापायी मी नवरा मारला.

तेराव्यानंतर घर आवरताना औषधांची टोपली तिच्या हाती आली. गोळ्या, मलमं, पावडर, आणि तळाला घंटा. तिने ती उचलली. वाजली नाही. गेले वाटतं उरलेसुरले कानही. तिने पुन्हा हलवली, कानाशी धरून हलवली. नुसता थपथप आवाज. मग तिने घंटा उलटी केली.

आत निळ्या गोधडीचा बोळा होता. लोलकाभोवती गच्च कोंबलेला, एका हाताने, बोटांनी.

ती घंटा मांडीवर घेऊन खाली बसली. एकेक दुपार तिच्या डोळ्यांपुढून गेली. ओलं अंथरूण, लाल खांदा, ते अर्ध्या तोंडाचं हसू, ती जा, पड, म्हणून केलेली खूण. हात हलला की घंटा वाजणार आणि ही उठणार, म्हणून तो रोज बोळा कोंबत होता आणि ती उठायच्या आत काढून उशीखाली दडवत होता. त्या दिवशी काढायला वेळ मिळाला नाही. कफ दाटला, त्याने हात झटकला, पुन्हा झटकला, मनगट सोलेपर्यंत झटकला, आणि त्याचीच बंद केलेली घंटा त्याच्या उपयोगी पडली नाही. तीन टुक असते तरी घंटा वाजली नसती.

"मला इचारलंत काय?" ती घंटेवर ओरडली. "कुनी मागितली व्हती झोप? जळली मेली ती झोप!" आणि घंटा छातीशी धरून ती मोठ्याने रडली, तेरा दिवसांत रडली नव्हती तशी.

दारात ज्ञानेश्वर उभा होता. तो आत आला आणि तिच्यासमोर बसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. म्हणाला, "आये, बाबांनी किती येळ वाजवली असंल गो? माझ्या डोक्यातून जात नाय."

घंटा तिच्या मांडीवर होती. नुसती उलटी करून दाखवायची, की ती सुटली असती. तेरा दिवसांचा कलंक एका चिंधीने धुऊन निघाला असता. तिने लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आईवरचा राग आज ना उद्या उतरेल. पण बाप मुकी घंटा ओढत मेला, हे एकदा कळलं की जन्मभर त्याच्या मनातून उतरायचं नाही. ती घंटा खाटेला ज्ञानेश्वरनेच टांगली होती, सुतळीची गाठही त्याच्याच हातची. तिने घंटेच्या तोंडावर तळवा झाकला.

"वाजवली असंल बाबा," ती म्हणाली. "मीच ऐकली नाय. चुकी माझी हाय."

मायेने खोटं बोलायची सवय तिला जुनीच. ज्ञानेश्वरने मान खाली घातली आणि उठून गेला.

दुपारी ती चुलीपाशी नाही, ओटीवर बारकूच्या रिकाम्या खाटेखाली आडवी झाली. मशीन फळीवरच राहू दिलं. घंटा उशाशी घेतली, बोळा आत तसाच ठेवून. कानात पट्टा चालू होता.

"अवो," ती हळूच म्हणाली, "पहाटेची मी जागीच असायची. तुमी बोळा कोंबलात का माझे डोळे उघडायचे. रोज. एकदा तरी सांगाया पायजे व्हतं तुमाला."