माझा उरलेला डावा गाल

मी एक रुंद गाडी आहे. जन्माने नव्हे हं. १९७१ साली इटलीतल्या कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्याइतकी बारीक कंबर त्या रांगेत कुणाचीच नव्हती. दोन दारं, लांब नाक, लाल रंग. इस्रायलच्या हैफा बंदरात उतरवताना क्रेनने मला नको तेवढा वेळ हवेत धरून ठेवलं होतं, ते उगीच नाही. खोटं वाटत असेल तर क्रेनला विचारा.

माझा पहिला मालक दंतवैद्य होता. तो मला दिवसातून दोनदा घासायचा. तो थकला आणि मी एका भंगारवाल्याच्या अंगणात जाऊन पडले. सहा वर्षं माझ्या मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार केला. त्यांच्या तीन पिढ्या मी अंगावर वाढवल्या, पण एकीनेही कधी मागे वळून चौकशी केली नाही.

१९९६ साली डिमोनाच्या अमिरामने मला तिथून सोडवलं. वय चौतीस, खनिजांच्या कारखान्यात नोकरी, घरी ठाण्याहून आलेली आई, जेमायमा. त्याने इंजिन दुरुस्त केलं, रंग दिला. एवढ्यावर थांबला असता तर पुढचं काही झालंच नसतं. पण त्याला शर्यतीच्या गाड्यांसारखी फुगीर मडगार्ड हवी होती. गच्चीत बसून नऊ महिने त्याने फायबरचे थर चढवले. गोलाई जमेना म्हणून आईचं पोह्यांचं मोठं पातेलं साच्याला घेतलं. शेवटी माझ्या चारही चाकांवर गाल आले.

मला विचाराल तर पहिल्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी बेरशेवाच्या रस्त्यावर एका बसमधले सगळे प्रवासी उठून माझ्या बाजूच्या खिडक्यांवर आले आणि बस कलली. त्यानंतर लाज गेली ती गेलीच.

येहेझकेल मात्र कलला नाही. हा आमच्या सिनेगॉगचा, म्हणजे मराठी ज्यूंच्या प्रार्थनाघराचा, कारभारी. मुंबईच्या गोदीत सुतारकाम करून आलेला, बोलणं सरळ, करवतीसारखं. त्याची मुलगी पनिना नर्स होती आणि अमिरामला ती आवडायची. तिलाही तो आवडायचा. अडचण माझी होती. येहेझकेलने जेमायमाला साफ सांगितलं की, "बाय, मुलगा कामाचा आहे. पण ज्याने धडधाकट गाडीला गालगुंडं आणली तो माझ्या मुलीचं काय करील?" गाल उतरले तर शनिवारी शब्बातचा कामबंदीचा दिवस संपल्यावर, मलिद्याच्या म्हणजे गोड पोह्यांच्या नैवेद्याच्या वेळी, चारचौघांत होकार देईन. नाहीतर नाही, असं त्याने बजावलं.

शुक्रवारी दुपारपर्यंत अमिरामने ते उतरवले नव्हते. मलिद्याचे पोहे, नारळ, गूळ, फळं माझ्यात भरून तो आईला घेऊन निघाला. सामान ठेवून यायचं, मग बघू, असं म्हणाला. खरं तर त्याला शेवटचं एकदा मिरवायचं होतं. सिनेगॉगचं फाटक अरुंद. त्याने घरीच पट्टीने मोजलं होतं, चार बोटं जागा उरत होती. पण मोजले होते पुढचे गाल, आणि मागचे असतात जास्त रुंद. शर्यतीच्या गाड्यांची तीच तर ऐट.

पुढचे गाल आत गेले. मागचे दोन खांबांमध्ये असे बसले की मी पुढेही जाईना, मागेही. तेवढ्यात येहेझकेल बाहेर आला. त्याने घड्याळ बघितलं. मेणबत्त्या लावून शब्बात सुरू करायची वेळ झाली होती.

"आता उद्या तीन चांदण्या दिसून शब्बात संपेपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला.

झालं. चोवीस तास मी देवाच्या दारात बूच होऊन बसले. माझ्यातून आरपार जावं तर दार उघडताच आतला दिवा लागणार, आणि शब्बातला दिवा लावणं वर्ज्य, म्हणजे तेही नाही. शेवटी कंपाउंडच्या भिंतीला दोन्हीकडून खुर्च्या लावल्या. सगळी मंडळी सणाच्या कपड्यांत भिंत चढली आणि उतरता उतरता प्रत्येकाने मत दिलं. मिरियम काकी म्हणाली, "हिला सातवा लागलाय वाटतं." कुणी म्हणालं, रणगाडा करायचा होता, पैसे संपले. पोरं हिब्रूत काहीतरी म्हणून वाकून फोटोची पोज घेऊन बघायची. कॅमेरा तर शब्बातला चालत नाही.

शनिवारची दुपार येहेझकेलने माझ्याजवळ खुर्ची टाकून काढली, पहारा म्हणून. तासभर त्याने तोंड वाकडं केलं. मग खुर्ची पुढे ओढली. मग मान खाली घालून माझ्या मागच्या डाव्या गालाच्या कडेवरून नजर फिरवत राहिला, सुतार फळी बघतो तशी.

"सांधा कुठाय?" त्याने अमिरामला विचारलं.

"सांधा नाही, अंकल. एकच तुकडा आहे."

तो उठला आणि त्याने कडेवरून पहिल्यापासून पुन्हा नजर फिरवली. 

चांदण्या निघाल्या. वीस माणसांनी ढकललं, मी हलले नाही. आता एक तर उजवा खांब फोडायचा, नाहीतर मागचा उजवा गाल कापायचा. त्या खांबावर येहेझकेलच्या वडिलांच्या नावाची पाटी होती. सगळे येहेझकेलकडे बघू लागले. अमिरामने कुणाकडेच बघितलं नाही. त्याने डिकीतून करवत काढली आणि नऊ महिन्यांच्या कामावर चालवली. मला दुखलं नाही. त्याला दुखत होतं, कारण तो शिट्टी वाजवत होता, आणि त्याला शिट्टी येत नाही.

मी सुटले. मग त्याने पुढचे दोन्ही गालही उतरवले. करवत पुसत पुसत तो मागच्या डाव्या गालाशी आला आणि ती टेकवली. अट म्हणजे अट.

पनिना म्हणाली, "अब्बा, दाय." म्हणजे बाबा, पुरे.

येहेझकेलने करवतीचं पातं दोन बोटांत धरलं. "राहू दे तो," तो म्हणाला. "या बाजूनं बघितलं तर मुलगा बरा दिसतो."

मलिदा उशिरा झाला, पोहे फार भिजले होते, पण होकार कोरडा नव्हता.

आज २००७ साल आहे. उजवीकडून मी इटालियन, डावीकडून डिमोनाची. मत द्यायला लोक अजून येतात, फक्त आता दोनदा देतात. पुढच्या मंगळवारी माझी वार्षिक टेस्ट आहे आणि या वेळचा परीक्षक कडक आहे, वरून चढवलेले भाग चालवून घेत नाही म्हणे. तुम्ही तिकडे असलात तर एवढं करा, त्याला माझ्या उजव्या बाजूला बोलण्यात गुंतवा. येहेझकेल येणारच आहे, पण त्याचा काही उपयोग नाही. तो हल्ली कुठेही गेलो तरी डाव्या गालावर हात ठेवून उभा राहतो, आणि थांबलेल्या प्रत्येक माणसाला विचारतो, "सांधा दिसतोय का, सांगा."